पुंगी, पेटी आणि दहा राग

लातूर-नांदेडकडची वरात ज्याने एकदा पाहिली आहे, त्याने पुंगीची ती प्रसिद्ध चाल ऐकली नाही असे होणार नाही. बँडवाल्याने क्लॅरिनेटवर ती चाल धरली की नवरदेवाचा एखादा मित्र रुमालाची पुंगी दातांत धरतो आणि दुसरा धुळीत लोळण घेतो. त्या धुळीतल्या नागोबाला कुणी सांगावे की, बाबा रे, मूळची ही पुंगी गारुड्याची नव्हेच! १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटात ती कल्याणजी वीरजी शहा यांनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवली. यंत्राने गारुड्याची नक्कल केली आणि आमच्या बँडवाल्यांनी यंत्राची. विजेचा स्वर मराठवाड्यात असा आला, आणि कुणाच्या ध्यानीही आले नाही.

परंतु याच मुंबईच्या चित्रपटसृष्टीतल्या एका वादकाला नक्कल करायची नव्हती. त्यांचे नाव चरणजित सिंग. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन यांच्यासारख्यांच्या वाद्यवृंदांत बसून दुसऱ्यांच्या चाली वाजवण्यात त्यांची उमेद गेली. १९८० च्या ‘कुर्बानी’नंतर डिस्कोचा ठेका जिकडेतिकडे झाला होता. चरणजितांच्या मनात आले, तबला बाजूला ठेवून याच ठेक्यावर राग का वाजवू नयेत? रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे त्यांनी जोडली आणि १९८२ मध्ये एचएमव्हीने त्यांची तबकडी काढली. भैरवापासून बैरागीपर्यंत दहा राग, सगळे डिस्कोवर. (उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा झाला तो याच वर्षी, त्या गडबडीत आमच्याकडे कुणी ही तबकडी मागितली असेल असे वाटत नाही.)

आता रसिक विचारतील, यंत्रात राग कसा मावणार? प्रश्न जुनाच आहे. गोविंदराव टेंब्यांच्या बोटांनी पेटीला मराठी मैफलीत मान मिळवून दिला, तरी १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला दार बंद केले. ते किलकिले व्हायला १९७१ उजाडले. आक्षेप असा की, ठोकून बसवलेल्या बारा स्वरांत आमच्या श्रुती नाहीत आणि एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाणारी मींड तर नाहीच नाही.

मौज ही की, चरणजितांच्या तीन यंत्रांतले सर्वांत लहान, टीबी-३०३, नेमके घसरत होते! गिटारवाल्याला एकट्याने सराव करताना खर्जाची साथ मिळावी म्हणून ते बनवलेले. त्यात सोळा घरे. प्रत्येक घरात एक स्वर भरायचा, आणि हवे तर पुढच्या स्वराकडे घसरण्याची खूण करायची. सोळा म्हटल्यावर आम्हांला त्रिताल आठवणारच, पण त्या कारागिरांच्या मनात तो नव्हता. गिटारवाल्यांना ते पसंत पडले नाही. १९८४ मध्ये उत्पादनच थांबले. टाकाऊ ठरलेल्या त्या गुणात चरणजितांना मात्र मींडेची सावली दिसली असावी.

सावलीच, हेही सांगितले पाहिजे. भैरवातल्या कोमल ऋषभाचे आंदोलन तिथे नाही, आणि तोडीचा गंधार जितका खाली झुकावा तितका झुकत नाही. मालकंसात ऋषभ-पंचम वर्ज्य, भूपाळीत मध्यम-निषाद वर्ज्य, हे पथ्य मात्र यंत्राकडून कडकडीत पाळून घेतले आहे. माझ्या कानाला मालकंस पटतो, तोडी पटत नाही.

तबकडी खपली नाही. जाणकारांना ती पोरखेळ वाटली असेल, आणि नाचणाऱ्यांना तिच्यात गाणे सापडले नसेल. १९८७ मध्ये शिकागोच्या काही तरुणांनी अडगळीत गेलेले तेच यंत्र उचलले, त्याच्या खुंट्या वाटेल तशा पिळल्या आणि ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचे नवे संगीत जन्माला आले. चरणजितांचे नाव त्यांनी ऐकलेले नव्हते. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने ती तबकडी पुन्हा काढली, तेव्हा युरोपातले लोक वर्ष पाहून चकित झाले. सत्तरीतल्या चरणजितांना तिकडे बोलावणी येऊ लागली. ते म्हणत, मी तर फक्त राग वाजवले. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

आमच्या वरातीत आता गाड्यावर कॅसिओ असतो आणि शेजारी हलगी. कॅसिओवाला पोरगा बटण दाबतो, पुंगी वाजते.