झ्लातोउस्तचे पोलाद

रशियाच्या दक्षिण उरल पर्वतात, आय नदीकाठी झ्लातोउस्त हे गाव आहे. लोहखनिज, कोळसा पाडायला जंगल आणि भाते व घण चालवायला नदीचे पाणी, या तिन्ही गोष्टी जवळ असल्याने येथे १७५४ साली लोखंडाचा कारखाना निघाला आणि त्याच्याभोवती गाव वसले. १८१५ साली तलवारींचा कारखानाही सुरू झाला. त्यासाठी जर्मनीतील झोलिंगेनहून कारागीर आणले गेले.

१८१७ मध्ये पावेल अनोसॉव्ह हा तरुण खाण अभियंता येथे आला. त्याला कोडे पडले ते 'बुलात'चे. हा शब्द फारशीतून आलेला, म्हणजे आपल्या 'पोलाद'चाच भाऊ. दक्षिण भारतात मुशीत तयार होणाऱ्या पोलादाच्या तलवारींवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसे. ती कशाने येते, हे युरोपात कोणाला ठाऊक नव्हते. फॅरडेंनीही हे भारतीय पोलाद तपासले होते आणि त्यांना त्यात अ‍ॅल्युमिनियमचा अंश असावा असे वाटले होते.

अनोसॉव्हने लोखंडात मँगनीज, क्रोमियम, टायटॅनियम, प्लॅटिनम अशी एकेक भर घालून पाहिली आणि प्रत्येक प्रयोगाची नोंद ठेवली. १८३१ मध्ये त्याने आम्ल लावलेले पोलाद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. इंग्लंडमध्ये सॉर्बी यांनी पोलाद असे पाहिले, ते त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी. अनोसॉव्हचा निष्कर्ष असा, की खरे काम कार्बनचे आहे, आणि मुशीतला रस सावकाश थंड झाला तर स्फटिक मोठे होऊन नक्षी उमटते. हे गुपित त्याने कारखान्यात दडवून न ठेवता १८४१ मध्ये छापले.

मग भर घालण्याची कल्पना अगदीच चुकीची होती का? तसेही नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेत व्हेरहोवन आणि लोहार पेंड्रे यांनी दाखवले, की व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्याचा अत्यल्प अंश असेल तर वारंवार तापवून ठोकताना कार्बाइडचे कण ओळीने जमतात. हा अंश खनिजातूनच येतो. तो ओळखण्याची साधने अनोसॉव्हच्या काळात नव्हती.

मात्र मुशी तासन् तास तापत्या ठेवणाऱ्या कामगारांना काम सोडून जाण्याची मुभा १८६१ च्या सुधारणांपर्यंत नव्हती. मार्च १९०३ मध्ये, नव्या पगारपुस्तकांतून आपले हक्क गेले या तक्रारीवरून याच गावात जमलेल्या कामगारांवर सैन्याने गोळ्या झाडल्या. त्यात कित्येक डझन माणसे मेली.

वर्गात पोलाद शिकवताना आपण बहुधा 'लोखंड अधिक कार्बन' एवढेच फळ्यावर लिहितो. त्यात काय आहे, याच्या जोडीला ते कसे थंड केले आणि कोणाच्या हातून घडले, हेही विचारायला हवे.