दशांच्या गाठी

आमच्या घरच्या गणपतीपुढे दरवर्षी एक तोरण लागते. पांढऱ्या आणि केशरी दोरीचे, मधून मधून लाकडी मणी ओवलेले. आईने ते १९८७च्या सुमारास, उन्हाळ्याच्या सुट्टीत शेजारच्या एका बाईंकडे शिकून केले. तेव्हा मॅक्रमची लाटच आली होती. झोपाळे, आरशाच्या चौकटी, कुंड्या टांगायची शिंकी. घरोघरी काही ना काही लटकत असे. पुढे लाट ओसरली, तोरण राहिले. मागच्या वर्षी त्याची डावी बाजू उसवली. आईच्या बोटांत आता संधिवात आहे, गाठ ओढवत नाही. "टाकून दे रे, बाजारात हवी तेवढी मिळतात," ती म्हणाली. मला ते पटेना. दोरी आणून तिच्यासमोर बसलो.

मुख्य गाठ चार दोऱ्यांची. मधल्या दोन नुसत्या ताणून धरायच्या, काम बाहेरच्या दोघींचे. डावी दोरी मधल्या दोघींवरून उजवीकडे न्यायची. उजवी तिच्यावरून घेऊन, मधल्यांच्या मागून, डावीकडच्या फटीतून वर काढायची आणि ओढायची. ही अर्धी गाठ. पुढची अर्धी उजवीकडून सुरू करायची. मी दोन्ही वेळा डावीकडूनच करत गेलो, तर पट्टी जिन्यासारखी गोल वळू लागली. आई हसली. "तो पीळ आहे. तोही करतात, पण आपल्याला सपाट हवंय." दोरी तयार लांबीच्या चौपट घ्यायची हेही तिने सांगितले, मी मात्र आधीच आखूड कापून बसलो होतो. डिप्लोमा करून इतकी वर्षे मोजमापाचीच नोकरी केली, त्याचा इथे काही उपयोग झाला नाही.

इतके दिवस मी मॅक्रम म्हणजे विलायती छंद समजत होतो. थोडे वाचल्यावर कळले की त्याची सुरुवात विणकरापाशी होते. कापड मागावरून उतरवले की ताण्याचे धागे टोकाला मोकळे राहतात. त्यांना आपण दशा म्हणतो. त्या तशाच सोडल्या तर कापड उसवते, म्हणून पीळ देऊन गाठी मारायच्या. अरब विणकरांनी या गाठींची नक्षी केली. मॅक्रम हा शब्दही बहुधा अरबी 'मिक्रमा'वरून आला. तुर्कीत 'मकरमा' म्हणजे टॉवेल. इटलीत जिनोव्हाजवळच्या कियावरी गावात टॉवेलांच्या दशांवर असे काम होत आले आहे. गलबतांवरचे खलाशी फावल्या वेळात गाठी बांधत. १८८२ मध्ये लंडनला 'सिल्व्हियाज बुक ऑफ मॅक्रमे लेस' हे पुस्तक निघाले आणि मॅक्रम तिथल्या दिवाणखान्यात शिरले. १९७० नंतर ते पुन्हा जगभर पसरले, त्याच लाटेचा एक थेंब आमच्या गल्लीत पडला.

आता आपल्या गावाचे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये १६४१ मध्ये बऱ्हाणपुरात आला होता. त्याचे प्रवासवर्णन १६७६ मध्ये छापले गेले. इथली पारदर्शक मलमल इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, रशिया आणि पोलंडपर्यंत जाते, असे त्यात लिहिले आहे. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती कापडाच्या दोन्ही टोकांबद्दलची नोंद. टोकांना एका इंचापासून बारा-पंधरा इंचांपर्यंत सोने, रुपे आणि रेशमाचे विणकाम असे. ते इतके साफ की उलट-सुलट ओळखू येऊ नये. पोलंडला जाणाऱ्या मालाच्या टोकांना तीन-चार इंच तरी जर नसली, किंवा सुरतेहून होर्मूझला जाताना समुद्रात ती काळी पडली, तर व्यापारी बुडालाच म्हणायचे. म्हणजे किंमत ठरायची ती पदराच्या टोकावर. मॅक्रम बऱ्हाणपुरातून बाहेर गेले असा माझा दावा नाही. तसा पुरावा माझ्यापाशी नाही. पण कापडाचे टोक नीट संपवणे म्हणजे काय, हे या गावाला कोणी शिकवायची गरज नव्हती.

मागाबाहेर ही विद्या पटवेकऱ्यांच्या हातात होती. रेशमात आणि कलाबतूत दागिने गाठवणे, करगोटे, राख्या, बाजूबंदाचे गोंडे हे त्यांचे काम. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरच्या १९१६च्या ग्रंथात पटवा समाजावर स्वतंत्र लेख आहे. आपला निमाड तेव्हा याच प्रांतात होता.

पत्नीची ठुशी गाठवायला मी गावातल्या एका वृद्ध पटवेकाकांकडे गेलो, तेव्हा मुद्दाम बसून राहिलो. त्यांनी मधले धागे पायाच्या अंगठ्याला अडकवून ताणले होते आणि बाहेरचा धागा त्यांच्याभोवती झरझर फिरत होता. मधले स्थिर, बाहेरचे फिरते. मी पिशवीतून तोरण काढून दाखवले. त्यांनी दोन गाठी चाचपल्या आणि विचारले, "किसने सिखाया?" आईने, म्हटले. त्यांचा मुलगा मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो. सणासुदीला लोक येतात, एरवी दिवसाला एखादेच गिऱ्हाईक, असे ते म्हणाले. त्यात तक्रारीचा सूर नव्हता, मलाच काही सुचले नाही. राखीच्या गोंड्याची गाठ मात्र त्यांनी मला तीनदा करून दाखवली. मला ती अजून जमलेली नाही.

यंदाच्या तोरणात डावीकडची वीतभर पट्टी माझी आहे. गाठी थोड्या सैल आहेत. आईने नुसता हात फिरवला आणि तिची कुठे संपते, माझी कुठे सुरू होते, ते बोट ठेवून दाखवले.