गुण, गुणक्रम आणि पात्रता : सातारा-सांगली परिसरातील पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाचा इतिहास

मराठीत ‘गुण’ हा शब्द वैद्यकाच्या संदर्भात दोन अगदी निराळ्या ठिकाणी भेटतो. एखाद्या डॉक्टरच्या ‘हाताला गुण आहे’ किंवा औषधाचा ‘गुण आला’ असे रुग्ण म्हणतो. विद्यापीठ त्याच डॉक्टरच्या गुणपत्रकावर ‘गुण’ मांडते. इंग्रजीत ह्या अर्थांना वेगवेगळे शब्द आहेत. मराठीत शब्द एकच असल्यामुळे ‘कमी गुणांचा डॉक्टर’ असे म्हटले की, आकड्याविषयीचे साधे विधान नकळत माणसाविषयीचा निवाडा होऊन बसते. त्वचारोग, क्ष-किरणनिदान ह्यांसारख्या फार मागणी असलेल्या शाखेसाठी थोड्या गुणांवर अर्ज करणाऱ्या उमेदवारास हा निवाडा सोसावा लागतो. तो कितपत न्याय्य आहे, हे ठरविण्यापूर्वी तो आकडा कोणत्या काळी नेमके काय मोजीत होता, हे पाहणे अगत्याचे आहे. सातारा व सांगली हा प्रदेश ह्या दृष्टीने अभ्यासास सोयीचा आहे. सातारा जिल्ह्यातून १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला व १९६० पासून तो सांगली ह्या नावाने ओळखला जाऊ लागला. मिशन, शासन आणि खाजगी विश्वस्त संस्था अशा तिन्ही प्रकारच्या वैद्यकीय शिक्षणाचा अनुभव ह्या टापूने घेतलेला आहे.

डॉ. विल्यम वानलेस हे प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर १८८९ साली भारतात आले. प्रथम सांगलीत काम करून त्यांनी पटवर्धनांच्या मिरज संस्थानात बस्तान बसविले व १८९४ मध्ये तेथे रुग्णालय उघडले. १८९७ मध्ये त्याला जोडून वैद्यकीय शिक्षणाची सोय झाली. विद्यापीठाची पदवी देण्याचा अधिकार ह्या शाळेस नव्हता. रुग्णालयाचे काम हाच तिचा अभ्यासक्रम होता. मोतीबिंदूपासून पोटाच्या शस्त्रक्रियेपर्यंत सर्व काही एकाच छपराखाली चाले, आणि शिकणारा कोणत्या कामास योग्य आहे हे त्याचा हात पाहणारा वरिष्ठच ओळखत असे. त्या व्यवस्थेत मर्जीला वाव होता, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि ‘गुण’ ह्या शब्दाचे दोन अर्थ तेथे एकमेकांपासून फारसे दुरावलेले नव्हते.

ते दुरावले पदवीच्या प्रतिष्ठेमुळे. मुंबईत १८४५ पासून ग्रँट मेडिकल कॉलेज होते. १९१२ मध्ये तेथेच कॉलेज ऑफ फिजिशिअन्स अँड सर्जन्स ही परीक्षा घेणारी संस्था स्थापन झाली. पदवीधर आणि परवानाधारक अशा डॉक्टरांच्या दोन पायऱ्या तयार झाल्या. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात ही दुफळी मोडून देशात एकाच दर्जाचा मूलभूत डॉक्टर असावा, अशी शिफारस केली. पुण्याची बी. जे. मेडिकल स्कूल ही शाळा त्याच वर्षी महाविद्यालय झाली. १९६२ मध्ये मिरजेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठही त्याच वर्षीचे. महाविद्यालय मिरजेचे आणि त्याचे शासकीय रुग्णालय सांगलीचे, ही जोडी तेव्हापासूनची आहे. खालची पायरी नाहीशी झाली खरी. पण चढाओढ नाहीशी झाली नाही, ती एक मजला वर गेली. सर्वच एम.बी.बी.एस. झाल्यावर भेद उरला तो विशेषज्ञ आणि अविशेषज्ञ असा.

प्रवेश परीक्षेचे युग येईपर्यंत ह्या वरच्या मजल्याचा जिना ‘हाउस पोस्ट’ आणि ‘रजिस्ट्रार’ ह्या नेमणुकांचा होता. नेमणुकीस आधार एम.बी.बी.एस.च्या गुणांचा, आणि सामान्यतः संबंधित विषयातील गुणांचा. विकृतिशास्त्रात अडखळलेला पण नेत्रविकारात चमकलेला विद्यार्थी नेत्रविभागाचे दार ठोठावू शके. त्याखेरीज पदविकांचा एक मधला मार्ग होता. स्त्रीरोग, बालरोग, अस्थिरोग ह्या विषयांतील दोन वर्षांची पदविका घेऊन कऱ्हाड, विटे, फलटण ह्यांसारख्या गावी दवाखाना थाटणे शक्य असे. थोड्या गुणांच्या विद्यार्थ्यास विषय सोडावा न लागता पायरी तेवढी बदलावी लागे. दुसऱ्या बाजूस महाविद्यालये आपल्याच विद्यार्थ्यांना झुकते माप देत. मुंबईच्या महानगरपालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील अशा प्राधान्यामुळे अधिक गुणांचे उमेदवार मागे राहिले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये थुक्राल अंजली ह्यांच्या प्रकरणात ते महाविद्यालयनिहाय प्राधान्य घटनाबाह्य ठरविले. पदव्युत्तर गुणांचे मोल किती वाढले होते, ह्याची साक्ष त्याआधीच मिळाली होती : एम.डी. परीक्षेतील गुणांच्या फेरफाराच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यावर १९८६ साली महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला.

मधल्या काळात एक नवी वाट ह्याच परिसराने राज्याला दाखविली होती. सांगलीचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, १९८३ च्या सुमारास, विनाअनुदान तत्त्वावर खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी मिळाली. कऱ्हाडची कृष्णा वैद्यकीय संस्था १९८४ ची आहे. मूळचे सांगली जिल्ह्यातील पतंगराव कदम ह्यांच्या भारती विद्यापीठाचे सांगलीतील वैद्यकीय महाविद्यालय २००५ चे. सहकारी साखर कारखानदारीतून वर आलेल्या नेतृत्वाने शिक्षणसंस्था काढाव्यात हे स्वाभाविक होते, आणि त्यांमुळे कृष्णाकाठच्या रुग्णास मुंबई-पुण्याची वाट धरण्याची गरज कमी झाली हेही खरे आहे. मात्र गुणांच्या जोडीला आता पैसा हे दुसरे माप आले. १९८७ चा कॅपिटेशन शुल्कास बंदी घालणारा राज्याचा कायदा हा त्या मापाचा अप्रत्यक्ष कबुलीजबाबच होय.

अखिल भारतीय परीक्षेचा उगमही न्यायालयातच आहे. डॉ. प्रदीप जैन प्रकरणात (१९८४) सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर प्रवेशात रहिवासावर आधारलेले आरक्षण अमान्य केले आणि संस्थात्मक प्राधान्यास मर्यादा घातली. पुढे दिनेश कुमार प्रकरणात २५ टक्के जागा अखिल भारतीय स्पर्धेसाठी निश्चित झाल्या. (रहिवासाचा मुद्दा तरीही मिटला नाही, तन्वी बहल प्रकरणात २०२५ मध्ये तोच निर्णय पुन्हा द्यावा लागला.) न्याय वाढला, ह्यात शंका नाही. पण मोजण्याची रीत पालटली, ह्या गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. शरीररचनेपासून मनोविकारापर्यंत सर्व विषयांची एकच प्रश्नपत्रिका, तिचा एकच आकडा, आणि त्या आकड्यावरून एकच रांग. रांगेत ज्याचा क्रम आधी त्याने शाखा आधी निवडावी, उरलेल्यांनी उरलेले घ्यावे. एखादी शाखा ‘कठीण’ होते ती तिच्या ज्ञानाच्या कठीणपणामुळे नव्हे, तर तिच्याकडे वळणाऱ्यांच्या गर्दीमुळे. क्ष-किरणनिदानास लागणारी नजर आणि त्या शाखेसाठी लागणारा क्रमांक ह्यांचा परस्परांशी संबंध असेलच असे नाही. त्वचारोगाची जागा हुकलेला उमेदवार त्वचारोगात कच्चा ठरत नाही. त्या दिवशीच्या रांगेत मागे ठरतो. विषयनिहाय गुणांची जुनी रीत सदोष होती, पण निदान हा भेद ती ओळखत असे.

क्रम कितीही खालचा असला तरी किमान पात्रतेची एक रेषा असावी की नाही, हा प्रश्न १९९९ मध्ये डॉ. प्रीती श्रीवास्तव प्रकरणात उभा राहिला. उत्तर प्रदेशात खुल्या वर्गास ४५ टक्के आणि राखीव वर्गास २० टक्के अशी किमान मर्यादा होती. घटनापीठाच्या बहुमताने हे अंतर अवाजवी मानले. शेवटची एम.डी. परीक्षा सर्वांना सारखीच असते, तेव्हा प्रवेशाच्या गुणांना एवढे महत्त्व कशाला, असा युक्तिवाद होता. बहुमताने तो ग्राह्य धरला नाही. २००० च्या नियमांत खुल्या वर्गास ५० व राखीव वर्गांस ४० टक्के अशी रेषा ओढली गेली. न्यायालयाने दर्जाच्या नावाने ओढलेली ही रेषा पुढे कशी सरकत गेली, हा ह्या इतिहासातील सर्वांत बोलका भाग आहे. २०१७ च्या प्रवेशांपासून देशभर ‘नीट-पीजी’ ही एकच परीक्षा आली, आणि कऱ्हाड व सांगली येथील अभिमत विद्यापीठांच्या जागाही केंद्रीय समुपदेशनातून भरल्या जाऊ लागल्या. टक्क्याची जागा ‘पर्सेंटाइल’ने म्हणजे शततमकाने घेतली. उमेदवाराला किती येते हे टक्का सांगतो. शततमक फक्त त्याच्या मागे किती जण आहेत तेवढेच सांगतो. ५० शततमक म्हणजे अर्धे उमेदवार पात्र, मग प्रश्नपत्रिका सोपी असो वा अवघड. ज्ञानाची रेषा अशा रीतीने रांगेची रेषा झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये रिकाम्या जागा भरण्यासाठी ती सर्व वर्गांकरिता शून्य शततमकावर आणण्यात आली. परीक्षेस बसलेला प्रत्येक जण, ऋण गुण मिळालेलासुद्धा, पात्र झाला. १९९९ मध्ये राखीव वर्गाचे २० टक्के गुण ज्या दर्जास मारक वाटले, त्याच दर्जास चोवीस वर्षांनी शून्य मारक वाटले नाही. फरक एवढाच की पहिल्या वेळी जागा अपुऱ्या होत्या, दुसऱ्या वेळी खुर्च्या रिकाम्या होत्या. आणि त्या खुर्च्या होत्या प्रामुख्याने शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन अशा रुग्णापासून दूरच्या विषयांच्या, किंवा शुल्क न परवडणाऱ्या. मागणीच्या शाखा रांगेच्या डोक्यालाच संपलेल्या असतात. शून्याची सवलत त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. मधला जिनाही तोपर्यंत अरुंद झाला होता, कारण शासकीय पदविकांच्या बहुतेक जागा २०१८ नंतर पदवीच्या जागांत रूपांतरित झाल्या.

ह्या रांगेत थोडे पुढे सरकण्याची एक रीत मात्र नियमांनी मान्य केली आहे. दुर्गम वा अवघड भागात सेवा करणाऱ्या शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्यास प्रत्येक वर्षाच्या सेवेबद्दल प्रवेश परीक्षेत मिळविलेल्या गुणांच्या १० टक्के, जास्तीत जास्त ३० टक्के, वाढीव गुण देता येतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ही तरतूद उचलून धरली. ८०० पैकी ४०० गुण मिळविणारा अधिकारी तीन वर्षांच्या सेवेने ५२० वर जातो. अशा सेवेतील डॉक्टरांसाठी वेगळ्या जागा राखण्याचा राज्यांचा अधिकारही २०२० च्या निर्णयाने मान्य झाला. पाटण किंवा जावळीच्या डोंगरातील प्राथमिक आरोग्य केंद्रासारख्या ठिकाणी रुग्ण तपासून मिळालेले हे १२० गुण उत्तरपत्रिकेत कोठेही लिहिलेले नसतात, तरीही गुणक्रमाच्या यादीत ते इतर गुणांच्याच रकान्यात मिळविले जातात.