आधी दुसऱ्याचा वाटा

आमच्या वर्ध्याच्या ख्रिस्ती मंडळीत निःस्वार्थ जगण्याचा विषय निघाला की जुनी माणसं एका हिशेबनिसाचं नाव घेत : जे. सी. कुमारप्पा. मिशनच्या डॉक्टरांच्या, पाळकांच्या गोष्टीही होत्याच. पण माझे आबा सुरुवात करत ती कुमारप्पांपासून. तरुणपणी आबा मगनवाडीत हातकागद करायला शिकले होते.

तंजावरच्या तमिळ ख्रिस्ती घरात १८९२ साली जन्मलेले जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस लंडनला हिशेबतपासणी शिकले, मुंबईत व्यवसाय केला, मग अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले. १९२९ मध्ये साबरमतीला गांधीजींची भेट झाली आणि आयुष्याची दिशाच पालटली. विलायती पोशाख जाऊन खादी आली, कॉर्नेलियस जाऊन कुमारप्पा हे नाव आलं. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, त्याचे ते सचिव झाले. जमनालाल बजाजांनी संघासाठी वर्ध्याची आपली बाग आणि घर दिलं. मगनलाल गांधींच्या आठवणीत त्या जागेला मगनवाडी म्हणू लागले. सेगावला जाण्याआधी गांधीजी तिथेच राहत.

आबांच्या बोलण्यात मगनवाडीची घाणी यायची, मधाच्या पेट्या यायच्या, हातसडीचा तांदूळ यायचा. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप यायचा. पण ते रंगून सांगत ती गोष्ट बिहारची. तिथे ते नव्हतेच. मगनवाडीतल्या मोठ्यांकडून ऐकलेली.

जानेवारी १९३४ च्या भूकंपात बिहारमध्ये गावंच्या गावं कोसळली. मदतनिधीचा हिशेब कुमारप्पांकडे होता. कार्यकर्त्यांचा रोजचा भत्ता त्यांनी ठरवून दिला होता. गांधीजी आपल्या मंडळींसह तिथे आले, तेव्हा त्यांच्या खाण्यापिण्याचा आणि मोटारीचा खर्च या निधीतून होणार नाही, तुमची सोय तुम्ही बघा, असं कुमारप्पांनी गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाईंना सांगितलं. महादेवभाईंना ते फार ताणल्यासारखं वाटलं. गांधीजींनी कारण ऐकलं आणि मानलं. इथे आबांचा आवाज चढायचा : "तो पैसा पडल्या घराचा होता, बापा! त्यातला घास गांधीजीलेबी नाही."

ख्रिस्ती प्रीतीची याहून नेमकी गोष्ट मला माहीत नाही. समोर उभ्या माणसाचं मन मोडवत नाही म्हणून आपण देतो. समोर तर साक्षात गांधीजी होते, आणि ज्यांचा पैसा होता ती माणसं दूर मातीच्या ढिगाऱ्यांत होती, त्यांच्या वतीने बोलायला कोणी नव्हतं. कुमारप्पा त्यांच्या वतीने बोलले. समोर नसलेला माणूसही शेजारी असतो आणि त्याचं देणं वहीत आधी लिहायचं असतं, हे त्यांनी येशूकडून घेतलं होतं, असं मला मनापासून वाटतं.

१९४२ च्या आंदोलनानंतर त्यांना तुरुंगवास झाला. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तकं लिहिली, 'प्रॅक्टिस अँड प्रिसेप्ट्स ऑफ जीझस' आणि 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स'. दोन्हींना गांधीजींची प्रस्तावना आहे. एक येशूवरचं आणि एक अर्थशास्त्रावरचं असलं, तरी मला ती एकाच पुस्तकाच्या दोन भागांसारखी वाटतात. दुसऱ्यात त्यांनी माणसाच्या व्यवहाराच्या पायऱ्या निसर्गातून दाखवल्या आहेत. वाघ मेंढीला मारून जगतो. माकड फळं खातं, पण झाड लावत नाही. पक्षी आपलं घरटं आपण बांधतो. मधमाशी सगळ्या पोळ्यासाठी राबते. आणि सगळ्यांत वर आई : ती पिलांसाठी झिजते, परतफेड मागत नाही. बाजारात आपण कोणत्या पायरीवर उभे असतो, हे आता ज्याचं त्याने पाहावं.

आमच्या आजीने हे पुस्तक वाचलेलं नव्हतं. ती चूल पेटवण्याआधी ज्वारीची एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची, रोज. मडकं भरलं की ते गल्लीतल्या एखाद्या अडल्या घरी जायचं, आणि कोणाकडे गेलं ते ती आम्हाला सांगत नसे. "उरलं तं देऊ म्हटलं का उरतच नाही," एवढंच म्हणायची. दुष्काळी वर्षांतही तो क्रम तिने मोडला नाही. आबा म्हणत, कुमारप्पाजींच्या वहीतली पहिली ओळ हीच आहे.

स्वातंत्र्यानंतर कुमारप्पांनी काँग्रेसच्या कृषिसुधारणा समितीचं अध्यक्षपद सांभाळलं. १९४९ मध्ये तिचा अहवाल आला. पुढे वर्धा जिल्ह्यातच सेलडोहला आश्रम काढून शेतीचे प्रयोग केले. तब्येत ढासळल्यावर ते मदुराईजवळ टी. कल्लुपट्टीला गेले. तिथे त्यांच्या झोपडीत एका गरीब शेतकऱ्याचं चित्र होतं. हा माझ्या गुरूचा गुरू, असं ते सांगत. ३० जानेवारी १९६० ला ते वारले.

आमच्या मंडळ्यांत 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' फारसं कोणी वाचत नाही याची मला खंत आहे. या उपवासकाळात तरुणांबरोबर ते वाचायचं आम्ही ठरवलं आहे. पहिल्या बैठकीला प्रत्येकाने घरातली एक वस्तू आणायची आणि ती आपल्यापर्यंत यायला कोणाला काय सोसावं लागलं, ते विचारून यायचं. मी सुती सदरा नेणार आहे. हा जिल्हा कापसाचा, आणि इथल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत. बैठकीआधी हिंगणघाटच्या बाजारात जाऊन, गाडीवर बसून असलेल्या शेतकऱ्यांना बियाणं, वेचणी आणि हाती आलेला भाव विचारायचा आहे.