रेसिडेंट नुसता वकील नव्हता

मराठवाड्यात एक समज घट्ट रुजला आहे. इंग्रज वऱ्हाडात होते, पुण्या-मुंबईला होते. आमच्यावर राज्य केले ते निजामाने. हैदराबादचा रेसिडेंट हा दरबारातला इंग्रजांचा वकील, एवढेच. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याचा किंवा दुसऱ्या कुठल्याही गावाचा इतिहास सांगताना हेच गृहीत धरले जाते.

या पूर्वपक्षाला आधार आहे. चलन हाली शिक्क्याचे, कचेऱ्या निजामाच्या, तहसीलदारही त्याचाच. पण राज्य कोणाचे हे नाण्यावरच्या नावावरून ठरत नाही. फौज कोणाच्या हुकमात होती आणि रयतेचा पैसा कुठे जात होता, हे आधी पाहिले पाहिजे.

1800च्या तहाने निजामाचा परराष्ट्र व्यवहार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. पुढे रेसिडेंट हेन्री रसेल याने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली नवी पलटण उभी केली. तीच वाढून हैदराबाद कंटिन्जंट झाली आणि तिची एक छावणी हिंगोलीत पडली. जानेवारी 1819 मध्ये हटकर नाईक नौसाजी यांच्या नोव्हा किल्ल्याला वेढा घालून तो घेतला, तो मेजर पिटमनच्या हाताखालील याच फौजेने. पगार निजामाचा, हुकूम रेसिडेंटचा. केवळ वकिलाला असा किल्ला घेता येतो का?

फौजेचा खर्च वर्षाला सुमारे 40 लाख रुपये होता. तो भागवायला निजामाचा मंत्री चंदुलाल याच्या कारभारात तालुके इजाऱ्याने दिले जात, कर्जे काढली जात, आणि इजारदार आपली भरपाई कुणब्याकडून करून घेत. गोरा अधिकारी जिल्ह्यात आलाच नाही, हेही खरे नाही. 1820 नंतर रेसिडेंट मेटकाफने सारा-बंदोबस्तावर देखरेख करायला इंग्रज अधिकारी जिल्ह्याजिल्ह्यांत नेमले होते; ते हटले 1829 मध्ये.

सर्वांत ठळक पुरावा सीमेचा आहे. फौजेच्या थकबाकीपोटी 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांकडे गेले. वाशीम-रिसोड पलीकडे, हिंगोली-सेनगाव अलीकडे. तीच काळी जमीन, तेच सोयरेधायरे, आणि मध्ये दोन राज्ये. ही रेघ ओढायला भाषा कारण नव्हती; कारण होते हिंगोलीसारख्या छावण्यांचे न फिटलेले बिल.

मग रेसिडेंटच्या या पदाला काय म्हणावे? तुलनेसाठी फिलिपिन्समधला, स्पेनचा मनिलातला गव्हर्नर घ्या; तो उघडपणे परक्या राजाचा हाकिम होता. जुलूम त्यानेही केला. पण पद सोडताना त्याच्या कारभाराची जाहीर चौकशी होई आणि रयतेला तक्रार मांडता येई. 1635 ते 1644 गव्हर्नर असलेल्या कोर्कुएराला पुढच्या गव्हर्नराने अशाच चौकशीनंतर काही वर्षे कैदेत ठेवले. रेसिडेंटवर असा धाक नव्हता. कर निजामाच्या नावाने वसूल होई, शिव्याशाप निजामाला बसत, आणि रसेल 1820 मध्ये गडगंज होऊन विलायतेला परतला. सत्ता गव्हर्नराची, उत्तरदायित्व मात्र पाहुण्याचे, हेच या पदाचे खरे स्वरूप आहे. 1926 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने तर निजामालाच लेखी बजावले की हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वश्रेष्ठ आहे.

यामुळे निजामाचा दोष कमी होत नाही. रझाकारांचे अत्याचार आणि मुक्तिसंग्रामातले बलिदान तसूभरही लहान होत नाही. पण मराठवाड्याच्या दारिद्र्याचा हिशेब मांडताना एकाच नावावर सगळा खर्च टाकणे अन्यायाचे आहे. आपल्या मुलांना 17 सप्टेंबर 1948 शिकवतो, तसा 1853 चा तहही शिकवला पाहिजे. नाहीतर हिंगोलीच्या छावणीचा खर्च ज्यांच्या घामातून निघाला, त्या माणसांचा इतिहास अर्धाच राहील.