पापुद्र्याखालचा इतिहास

जुन्या लाउडस्पीकरची लाकडी पेटी घासून नवी करायला बसणारा पहिली चूक करतो ती पेटी भरीव अक्रोडाची किंवा सागाची समजण्याची. बहुतेक वेळा ते लाकूड म्हणजे मिलिमीटरभरही जाड नसलेला पापुद्रा, अर्थात विनिअर असते. काचकागद जरा जास्त फिरला की तो संपतो आणि नवा चिकटवावा लागतो.

ही कला जुनी आहे. ईजिप्तमधील रेखमिरेच्या थडग्यात सुमारे ३४०० वर्षांपूर्वीचे चित्र आहे. त्यात विस्तवावरचे सरसाचे भांडे आणि पापुद्रा चिकटवणारे कारागीर दिसतात. उंची लाकूड तेव्हाही दुर्मीळच होते.

लाउडस्पीकरला पेटी का लागली? १९२५ साली अमेरिकेत राइस व केलॉग यांनी कागदी शंकूचा लाउडस्पीकर मांडला. शंकूच्या पुढची आणि मागची ध्वनिलहर परस्परविरुद्ध असते. त्या एकत्र आल्या तर खर्जाचे स्वर विरतात. मागची लहर अडवायला आधी फळी, मग पेटी आली. आणि दिवाणखान्यात शोभावी म्हणून तिला पापुद्र्याचा पोशाख मिळाला.

म्हणून दुरुस्तीआधी पेटीचे वय पाहावे. जुना सरस उष्णतेने व ओलाव्याने सुटतो. पण दुसऱ्या महायुद्धानंतर रुळलेल्या, भुशाच्या दाबलेल्या फळीला तोच ओलावा फुगवतो. मागच्या बाजूला स्पिरिटचा थेंब टाकावा. थर चिकट झाला तर ते चपड्याचे पॉलिश.

पापुद्रा एकाच बाजूला लावला तर पातळ फळी वाकते. वर्गात पुठ्ठ्याच्या एका बाजूला खळीने कागद चिकटवून वाळू द्या. विद्यार्थ्यांना कारण सापडेल.