मानापमानाचा हिशेब
बालगंधर्व मोठे की केशवराव भोसले, हा वाद आपल्या चिटगुप्प्याकडील जुन्या मराठी घरांनाही नवा नाही. पुष्कळ जण निकाल पुरस्कारांवर लावतात. बालगंधर्वांना १९५५ साली (आपला बिदर जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता) संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९६४ साली पद्मभूषण. केशवरावांच्या नावावर काहीच नाही. पण अकादमीच मुळी १९५३ ची, आणि केशवराव ४ ऑक्टोबर १९२१ रोजी वारले; वय उणेपुरे एकतीस. त्याआधी तीनच महिने, ८ जुलैला, टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त ‘मानापमान’ झाले. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. तौलायचे तर त्या रात्रीवर तौलावे. माझ्या मते तिथे केशवरावांचे पारडे हलके नव्हते.